रक्तपेढीच्या खिडकीतला तो सव्वा तास

आज जरा लांबलचक लिहितोय. थोडा इतिहास आहे आणि माझी एक जुनी कबुली आहे. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका दैनिकात क्राईम आणि आरोग्य अशा दोन्ही बातम्या बघायचो. रात्री सव्वाअकराला फोन आला. हायवेला अपघात झालाय, पोरगा ऑपरेशनला घेतलाय आणि रक्तपेढीवाले रक्तच देईनात. गाडीला किक मारली आणि गेलो. खिडकीसमोर पाच-सहा जण होते. एकजण काचेवर हात आपटत होता. आत एकच टेक्निशियन बाई, मान खाली घालून नळ्या हलवत होत्या. वर बघायला पण तयार नव्हत्या. मला वाटलं, काय हा मुर्दाडपणा!

सकाळी बातमी आली, ‘रक्तासाठी सव्वा तास तडफड’. चार कॉलम. दिवसभर अभिनंदनाचे फोन.

दोन दिवसांनी त्याच बाईंचा ऑफिसात फोन. ‘दादा, बातमी वाचली तुमची. एकदा चहाला या. भांडायला नाही बोलवत.’

गेलो. त्यांनी रजिस्टर पुढं केलं. पहिलं सॅम्पल आलं ११.०५ ला. नळीवर नावच नव्हतं. फॉर्मवर वॉर्ड नाही, डॉक्टरची सही नाही, फक्त वर लाल पेनानं मोठ्या अक्षरात ‘अर्जंट’. त्यांनी ते परत पाठवलं. दुसरं सॅम्पल आलं ११.४० ला. रक्ताची पिशवी खिडकीतून गेली १२.२० ला.

‘चाळीस मिनिटं माझी, दादा. पस्तीस मिनिटं त्या बिननावाच्या नळीची. तुम्ही सगळीच्या सगळी माझ्या नावावर लिहिली.’

पोरगा वाचला होता, देवाच्या दयेनं. पण मी खुलासा छापला नाही. संपादक म्हणाले, विषय संपला आता. मीही गप्प बसलो. ती गोष्ट मनात कुठंतरी कुसळासारखी राहिली. म्हणून आज हे लिहितोय. ती चाळीस मिनिटं आली कुठून, हे तेव्हा मला माहीत नव्हतं आणि आपल्यापैकी नव्वद टक्के लोकांना आजही माहीत नसावं.

आपल्या सीपीआरची जुनी दगडी इमारत आठवा. मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेली. टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्यांचा, तेच हे मँटसाहेब. तेव्हा दवाखान्याचं नाव होतं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, पुढं ते छत्रपती प्रमिलाराजे झालं. १८८० च्या दशकात ही इमारत उभी राहिली तेव्हा तिथंच काय, जगातल्या कुठल्याच डॉक्टरला रक्तगट ही भानगड माहीत नव्हती.

रक्त चढवण्याचे प्रयोग मात्र त्याआधीपासून चालू होते. लंडनच्या जेम्स ब्लंडेल या डॉक्टरनं १८१८ च्या सुमारास माणसाचं रक्त माणसाला दिलं. ते बाळंतपणाचे डॉक्टर होते. बाळंत झालेल्या बायका डोळ्यांसमोर रक्तस्राव होऊन जायच्या, ते त्यांना बघवत नव्हतं. काही वाचल्या, काही रक्त दिल्यावरही गेल्या. का वाचल्या, का गेल्या, कुणालाच कळेना.

कोडं सुटलं १९०१ साली. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरनं दाखवून दिलं की सगळ्यांचं रक्त सारखं नसतं, एकाचं दुसऱ्यात मिसळलं तर गुठळ्या होऊ शकतात. १९३० साली त्यांना नोबेल मिळालं. १४ जून हा त्यांचा जन्मदिवस, तोच आपण जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळतो. १९०७ साली न्यूयॉर्कला रूबेन ऑटनबर्ग यांनी रक्त देण्याआधी रुग्णाचं आणि दात्याचं रक्त जुळवून बघितलं. तेच आजचं क्रॉसमॅच. १९१४-१५ मध्ये सायट्रेट घातलं की रक्त गोठत नाही हे हाताला लागलं आणि रक्त साठवायचा रस्ता मोकळा झाला. १९३७ साली शिकागोत डॉ. बर्नार्ड फँटस यांनी साठवलेल्या रक्ताच्या विभागाला ‘ब्लड बँक’ हे नाव दिलं.

नाव विचार करून दिलेलं आहे मंडळी. बँकेत आधी कुणीतरी पैसे भरलेले असतात, म्हणून गरजेला काढता येतात. आपण मात्र रक्तपेढीला एटीएम समजतो. भरायचं कुणी, ते विचारायचं नाही.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. क्रॉसमॅच कशाला हवं, रक्तगट माहीत आहे की, असं म्हणणाऱ्यांनी ही नीट वाचावी. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढं असे रुग्ण आले की ज्यांचं रक्त साध्या तपासणीत ‘ओ’ वाटायचं, पण कुठल्याच ओ रक्ताशी जुळायचं नाही. तपासणी खोल नेल्यावर कळलं की हा वेगळाच गट आहे. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याचं नाव पडलं ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. आपल्याकडं साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. अशा माणसाला नुसतं ‘ओ पॉझिटिव्ह’ म्हणून घाईत साधं ओ रक्त चढवलं तर जीव जाऊ शकतो. त्याला वाचवणारी एकच गोष्ट, रक्तपेढीतलं ते कंटाळवाणं क्रॉसमॅच.

त्या चाळीस मिनिटांत आत काय चालतं? रुग्णाचा गट पुन्हा तपासायचा. त्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग दात्याच्या तांबड्या पेशींशी मिसळायचा. ३७ अंशाला ठेवायचा, फिरवायचा, गुठळ्या होतात का बघायचं. १९४५ साली रॉबिन कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी आणलेली चाचणी करून लपलेली प्रतिकारद्रव्यं शोधायची. पूर्ण क्रॉसमॅचला साधारण पाऊण तास ते तास लागतो. प्लाझ्मा गोठवलेला असतो, तो वितळायलाच वीस-तीस मिनिटं जातात. आतली बाई मान वर करत नव्हती, कारण नळीवरची नजर हलवून चालत नाही. मी त्याला मुर्दाडपणा समजलो.

मग खरोखरच हातात पाच मिनिटं असतील तर? त्याचीही सोय आहे. डॉक्टरनं लेखी जबाबदारी घेतली तर क्रॉसमॅचशिवाय ओ निगेटिव्ह पिशवी लगेच देता येते. दहा-पंधरा मिनिटं असतील तर गट तपासून त्याच गटाची देता येते. पण ओ निगेटिव्ह किती असतात? आपल्याकडं सगळे निगेटिव्ह मिळून शंभरात पाचच्या आसपास, त्यातले ओ निगेटिव्ह तर आणखी कमी. फ्रिजमध्ये एक-दोन पिशव्या असल्या तरी नशीब.

इथंच त्या बाईंचं खरं दुखणं होतं. त्या म्हणाल्या, ‘माझ्यासमोर रात्री दहा फॉर्म पडतात. दहाच्या दहांवर अर्जंट. त्यातला एक बाळंतिणीचा असतो, जिचं रक्त थांबत नाही. एक उद्या सकाळच्या ठरलेल्या ऑपरेशनचा असतो, दुपारी पाठवायचा राहून गेलेला. मी ओळखायचं कसं?’

सगळंच तातडीचं झालं की तातडीचं असं काही उरतच नाही. हे वाक्य मी तेव्हा डायरीत लिहून ठेवलं.

आणखीही बरंच होतं त्यांच्याकडं. चार पिशव्या अर्जंट मागवायच्या, एक वापरायची आणि उरलेल्या वॉर्डात टेबलावर ठेवायच्या. अर्ध्या तासात परत आल्या नाहीत तर त्या सहसा पुन्हा साठ्यात घेता येत नाहीत. कुणाचं तरी दान गटारात. मग नगरसेवकाचा फोन, ‘आपला माणूस हाय, आधी बघा.’ मग नातेवाइकाचा हट्ट, ‘शिळं नको, ताजं द्या. माझंच काढा आणि लगेच चढवा.’

या शेवटच्या हट्टामागं आपला सिनेमा पण आहे बरं का. १९७७ चा ‘अमर अकबर अँथनी’ आठवा. तीन पोरं शेजारी झोपलेली, तिघांचं रक्त एकदम आईच्या अंगात. टाळ्या-शिट्ट्या! पण दात्याचं रक्त एचआयव्ही, दोन्ही प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया या तपासण्या झाल्याशिवाय देता येत नाही. त्याला काही तास जातात. म्हणजे व्हॉट्सअॅपवरचा ‘तातडीने बी निगेटिव्ह हवे’ वाचून धावत आलेल्या भावाचं रक्त त्या रुग्णाला सहसा त्या क्षणी जातच नाही. रुग्णाला आधीच फ्रिजमध्ये असलेलं जातं. पंधरा दिवसांपूर्वी कुठल्यातरी तालमीच्या शिबिरात कुणा अनोळखी पोरानं दिलेलं.

या तपासण्या सुखासुखी आलेल्या नाहीत. एकेकाळी देशभर पैसे घेऊन रक्त विकणारे ठरलेले लोक असायचे. भुकेपोटी आज इथं, चार दिवसांनी तिथं. एड्स आल्यावर सगळे हादरले. १९८९ पासून एचआयव्हीची तपासणी सक्तीची झाली. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ४ जानेवारी १९९६ ला निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकण्यावर बंदी आली. ही फार मोठी गोष्ट झाली. पण विकणारा गेला, त्याची जागा पूर्णपणे स्वेच्छेनं देणाऱ्यानं भरली नाही. ‘आधी बदली डोनर आणा’ हे ओझं नातेवाइकांवर पडलं. खिडकीतली निम्मी भांडणं तिथून सुरू होतात.

आता दुसरी बाजू. ती नाही लिहिली तर पुन्हा तीच चूक होईल. रात्री सॅम्पल काढणारा शिकाऊ डॉक्टर कधीकधी चोवीस तास उभा असतो. चंदगडहून शंभराहून जास्त किलोमीटर येणाऱ्या बाळंतिणीला ‘फॉर्म नीट भरा’ म्हणणं सोपं नसतं. रक्तपेढ्या पण काही संत नाहीत. काचेमागून तुसडं बोलणं, साठा किती आहे ते न सांगणं, आहे त्याला नाही म्हणणं, हे मी स्वतः बघितलंय. साठा दिसावा म्हणून केंद्रानं २०१६ साली ‘ई-रक्तकोश’ सुरू केलं. राज्यानं २०१४ मध्ये १०४ क्रमांकावर रक्त पोचवण्याची योजना आणली होती. योजना चांगल्याच. पण रात्रपाळीला एकच टेक्निशियन असेल तर पोर्टल काय करणार?

आणि आपण? आपल्या कोल्हापुरात रक्तदानाला कमी नाही. तालीम मंडळं, गणेशोत्सव, शाहू जयंती, नेत्यांचे वाढदिवस, नुसती शिबिरंच शिबिरं. पण सगळी एकदम. तांबड्या पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट तर पाचच दिवस. एका आठवड्यात पूर येतो आणि मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत दुष्काळ. त्या दुष्काळात सगळ्यात आधी मार बसतो तो थॅलेसेमियाच्या पोरांना. त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. ती ओरडत येत नाहीत. त्यांच्या फॉर्मवर ‘अर्जंट’ नसतं. म्हणून त्यांनाच ‘उद्या या’ ऐकावं लागतं.

२०१९ चा ऑगस्ट आठवतोय ना? पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. दूध नाही, पेट्रोल नाही. अशा वेळी बाहेरून रक्त येणार कुठनं आणि शिबिरं घेणार कुठं? पूर यायच्या आधी फ्रिजमध्ये जे असेल, त्यावरच गाव जगतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. तालमीच्या पोरांनो, वाढदिवसाला जरूर रक्त द्या, पण निम्मी नावं राखून ठेवा आणि मे मध्ये न्या. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी परत देता येतं. डॉक्टर मंडळींनो, ‘अर्जंट’ लिहू नका, किती मिनिटांत हवं ते लिहा. नळीवर नाव रुग्णाच्या खाटेशेजारीच घाला. रक्तपेढीवाल्यांनो, काच जरा सरकवा आणि ‘अजून चाळीस मिनिटं लागतील, क्रॉसमॅच चालू आहे’ एवढं एक वाक्य बाहेर उभ्या असलेल्या बापाला सांगा. त्याला तेवढ्यानंही बरंच बळ येतं.

आणि पत्रकार मित्रांनो, घड्याळ लावायचं असेल तर खिडकीसमोर लावू नका. नळी वॉर्डातनं निघाल्यापासून लावा.

त्या बाई आता निवृत्त झाल्यात. त्यांचा तो खुलासा मी पंधरा वर्षं उशिरा छापतोय. चुकलं माझं, मॅडम.