हरित सागरी शैवालांचे संशोधन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील हरित शैवालांचा शास्त्रीय अभ्यास उपयोगापेक्षा नामनिश्चितीला महत्त्व देत सुरू झाला. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ बोर्गेसेन यांनी मुंबई इलाख्यातील हरित व तपकिरी शैवालांची वर्णने १९३० मध्ये प्रसिद्ध केली. पुढे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) १९८३ मध्ये भारतीय सागरी शैवालांची यादी प्रकाशित केली. उद्योगांचे लक्ष मात्र अगार देणाऱ्या लाल आणि अल्जिन देणाऱ्या तपकिरी शैवालांकडे राहिले. अन्न, पशुखाद्य व खत म्हणून उपयुक्त असलेले ‘उल्वा’ हे हरित शैवाल त्यामुळे दुय्यम ठरले.

उल्वा पाण्यातील नायट्रोजन वेगाने शोषून घेते. म्हणून सांडपाणी मिसळते तेथे त्याची वाढ अतोनात होते. २००८ मध्ये चीनमधील चिंगदाओ येथे ऑलिंपिक नौकास्पर्धेपूर्वी ते मोठ्या प्रमाणावर हटवावे लागले. म्हणजेच त्याची विपुलता ही संपत्ती असू शकते, तशीच प्रदूषणाची खूणही. हा भेद जुन्या नोंदींशी तुलना केल्यावाचून स्पष्ट होत नाही. या दृष्टीने पूर्वसूरींच्या याद्या हा केवळ नावांचा संग्रह नसून तुलनेचा आधार ठरतो. वऱ्हाडातील महाविद्यालयांनी सेमाडोहजवळील सिपना नदीच्या गोड्या पाण्यातील हरित शैवालांच्या नोंदीही याच हेतूने जतन करणे उचित होईल.