बटलरला भूतकाळ कशाला?

ऑक्टोबर २०२२मध्ये ‘पेनीवर्थ’ मालिकेचा तिसरा सीझन एचबीओ मॅक्सवर आला तेव्हा तिच्या नावाला एक लांबलचक शेपूट लागलेलं होतं: ‘द ओरिजिन ऑफ बॅटमॅन्स बटलर’. प्रेक्षकांनी त्याची मनसोक्त टर उडवली. उद्या बॅटमॅनच्या माळ्याची जन्मकथा येईल, परवा त्याच्या गाडीच्या मेकॅनिकची, अशा धाटणीचे विनोद बरेच दिवस चालले. जुलै २०१९मध्ये एपिक्स वाहिनीवर मालिका सुरू झाली तेव्हाही अनेकांची पहिली प्रतिक्रिया हीच होती. अल्फ्रेडची गोष्ट मागितली होती कोणी?

मालिका मी पहिल्या भागापासून पाहिली. ती काही थोर नाही. पण हा प्रश्न मला मालिकेपेक्षा जास्त रंजक वाटतो, कारण अल्फ्रेडइतकं पडद्याच्या आणि प्रेक्षकांच्या मर्जीने घडलेलं पात्र कॉमिक्सच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

१९४३ साली ‘बॅटमॅन’च्या सोळाव्या अंकात तो पहिल्यांदा ब्रूस वेनच्या दारात उभा राहिला, तेव्हा तो गोलमटोल आणि विनोदी होता. स्वतःला डिटेक्टिव्ह समजणारा, सतत घोळ घालणारा. त्याच वर्षी कोलंबिया कंपनीची पंधरा भागांची ‘बॅटमॅन’ चित्रमालिका थिएटरांत लागली. तिच्यात विल्यम ऑस्टिन हा नट अल्फ्रेड झाला होता: सडपातळ, बारीक मिशीवाला. पडद्यावरचा आणि कागदावरचा माणूस जुळेना, तेव्हा बदलावं लागलं ते कागदावरच्याला. १९४४च्या सुरुवातीच्या एका अंकात त्याला सुट्टीवर धाडलं आणि तो वजन उतरवून, मिशी राखून परत आला. मालकाने सांगितलं म्हणून गणवेश बदलावा, इतक्या सहज त्याचं शरीर बदललं.

१९६४मध्ये संपादकांनी त्याला एका प्रचंड शिळेखाली चिरडून मारलं आणि घरात डिकची हॅरिएट आंटी आणून बसवली. दोनच वर्षांत एबीसी वाहिनीवर ॲडम वेस्टची मालिका आली. तिच्यात बटलर होता, ॲलन नेपियरने तो झकास वठवला, आणि कॉमिकवाल्यांना मेलेला माणूस उठवून बसवावा लागला. ‘पेनीवर्थ’ हे आडनाव तर १९६९चं. त्याआधी तो कधीमधी ‘बीगल’ होता, म्हणजे चक्क शिकारी कुत्र्याच्या जातीचं नाव. एरवी नुसताच अल्फ्रेड. आपल्या हिंदी सिनेमातल्या रामूकाकांना तरी कुठे आडनाव असतं?

‘आमचा अल्फ्रेड असा नव्हता’ ही २०१९मधल्या काही प्रेक्षकांची तक्रार म्हणूनच मला गंमतीची वाटली. त्यांचा अल्फ्रेड म्हणजे बहुतेक वेळा मायकेल केनचा. २००५पासून ख्रिस्तोफर नोलनच्या तीन सिनेमांत केनने तो साकारला आणि स्वतःपुरता त्याचा भूतकाळही रचला: हा माणूस ब्रिटिश लष्कराच्या एसएएस तुकडीत सार्जंट होता. ‘पेनीवर्थ’मधला जॅक बॅनन बोलतो तो त्याच केनच्या लंडनी हेलात. म्हणजे ज्या जन्मकथेची टिंगल झाली, तिचं बी प्रेक्षकांच्या सगळ्यात लाडक्या अल्फ्रेडमध्येच होतं.

‘द डार्क नाइट’मध्ये हा अल्फ्रेड ब्रूसला ब्रह्मदेशातली एक आठवण सांगतो. तो आणि त्याचे मित्र तिथल्या सरकारसाठी टोळीप्रमुखांना रत्नं देऊन वश करत होते. एक लुटारू ती रत्नं लुटायचा आणि सरळ फेकून द्यायचा. त्याला शेवटी पकडलं कसं, असं ब्रूस पुढे विचारतो. जंगल जाळून, असं उत्तर येतं. या प्रसंगाची चर्चा अफाट झाली, पण सगळी जोकरच्या स्वभावाविषयी. ते जंगल कोणाचं होतं, तिथे कोण राहत होतं, हे विचारणारा प्रेक्षक मला फारसा भेटला नाही. ब्रह्मदेश १९३७पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता; आपल्याला तरी ते खटकायला हवं होतं.

मालिकेकडून माझी अपेक्षा होती ती इथे. दुसऱ्या महायुद्धानंतर एसएएस मोडीत काढली गेली होती. ती पुन्हा उभी राहिली मलायाच्या जंगलात, कम्युनिस्ट बंडखोरांशी लढायला. १९४८ ते १९६० चाललेल्या त्या लढाईला ब्रिटिशांनी युद्ध म्हटलंच नाही, ‘आणीबाणी’ म्हटलं. बंडखोरांची रसद तोडण्यासाठी जवळजवळ पाच लाख माणसं, त्यात बहुतेक चिनी, काटेरी कुंपणांच्या ‘नव्या गावांत’ हलवली गेली. जंगलातल्या शेतांवर पिकं मारणारी रसायनं फवारली गेली. साठच्या दशकात लंडनमध्ये परतलेला एसएएसचा सैनिक बहुधा हे पाहून, यातलं काही स्वतः करून आलेला असणार.

‘पेनीवर्थ’च्या अल्फ्रेडला युद्ध छळतं खरं. पण मालिका त्याला उतरवते एका काल्पनिक लंडनमध्ये, जिथे आभाळात झेपेलिन तरंगतात, चव्हाट्यावर फाशी देतात आणि ‘रेव्हन सोसायटी’ नावाची फॅसिस्ट संघटना सत्ता बळकावू पाहते. साम्राज्याने बाहेर केलेली हिंसा अशी वेषांतर करून घरी येते आणि कोणालाच ओशाळं वाटत नाही. ज्यांना बॅटमॅन हवा होता ते प्रेक्षक या लंडनमध्ये हरवले. ज्यांना बॅटमॅनचं काही पडलेलं नव्हतं ते रमले. पलोमा फेथने रंगवलेली बेट साइक्स ही क्रूर, हळवी बाई तर अनेकांना नायकापेक्षा आवडली. मलाही.

एका बाबतीत मात्र मालिका धीट निघाली, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं गेलं. अल्फ्रेडचा बाप, आर्थर, स्वतः बटलर आहे. जन्मभर दुसऱ्याच्या घरी चाकरी केलेला, मुलानेही तीच करावी असं वाटणारा. मुलगा वाकायला तयार नाही म्हणून तो दुखावतो. असा माणूस गरिबांच्या बाजूला जाईल असं आपल्याला वाटतं. तो जातो रेव्हन सोसायटीकडे. ज्या उतरंडीत त्याचं आयुष्य गेलं, ती ढासळणं त्याला सोसत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी तो बॉम्ब घेऊन राणीपर्यंत पोचतो आणि अल्फ्रेडला स्वतःच्या बापावर गोळी झाडावी लागते. कित्येकांना हे अतिरंजित वाटलं. मला ती तीन सीझनमधली सगळ्यात खरी गोष्ट वाटली.

मालिका सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा ऑगस्ट २०१९मध्ये ‘बॅटमॅन’च्या ७७व्या अंकात बेनने अल्फ्रेडची मान मोडली. वाचक मनापासून हळहळले. हळहळ होती ब्रूससाठी: त्याला वाढवणारा माणूस गेला, आता त्याचं कसं होणार? त्याच आठवड्यांत टीव्हीवर तो माणूस पंचविशी-तिशीत जिवंत होता, प्रेमात पडत होता, मारामाऱ्या करत होता, आणि त्याचं कशाला दाखवता, अशी विचारणा चालू होती.

फेब्रुवारी २०२३मध्ये मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं. एकूण तीस भाग झाले. थॉमस आणि मार्थाला तोवर झाली होती ती मुलगी, सामँथा. आणि नावातल्या त्या लांबलचक शेपटाला न जुमानता अल्फ्रेडने बटलरची नोकरी धरलेली नव्हती.