जहांगीर, अस्मा

(२७ जानेवारी १९५२–११ फेब्रुवारी २०१८). पाकिस्तानातील झुंजार वकील व मानवी हक्कांच्या कार्यकर्त्या. जन्म व मृत्यू लाहोर येथे. माहेरचे आडनाव जिलानी. वडील मलिक गुलाम जिलानी यांनी सरकारी नोकरीनंतर राजकारणात प्रवेश केला आणि पूर्व पाकिस्तानातील लष्करी कारवाईला उघड विरोध केला. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांना स्थानबद्ध केले गेले, तेव्हा जेमतेम विशीतल्या अस्मा यांनी न्यायालयात अर्ज केला. लाहोर उच्च न्यायालयाने तो फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र एप्रिल १९७२ मध्ये तो मान्य केला व लष्करशहा याह्याखान यांनी सत्ता बेकायदा बळकावली होती, असे ठरवले. यशस्वी लष्करी उठावाला वैधता देणारा १९५८ चा निकाल त्यामुळे रद्द झाला. याह्याखान तोवर पायउतार झाले होते, हे खरे; तरीही ‘अस्मा जिलानी खटला’ पाकिस्तानी विधिशास्त्रात मोलाचा मानला जातो. सनद मिळण्याआधीच त्यांचे नाव कायद्याच्या पुस्तकांत गेले ते असे.

पंजाब विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांनी १९७८ मध्ये घेतली आणि १९८० मध्ये बहीण हिना जिलानी व अन्य सहकारी महिलांसह लाहोरमध्ये केवळ स्त्री-वकिलांचे कार्यालय उघडले. लष्करशहा झिया-उल-हक यांची ती राजवट. १९७९ च्या हुदूद अध्यादेशांमुळे बलात्काराची तक्रार करणारी स्त्रीच व्यभिचाराची आरोपी ठरू शकत होती. पुढे स्त्रीची साक्ष पुरुषाच्या निम्मी धरणारा पुरावा कायदा येऊ घातला, तेव्हा १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरच्या रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. अस्मा यांनाही त्या वर्षी तुरुंगवास घडला. पाकिस्तान मानवाधिकार आयोग या स्वयंसेवी संस्थेच्या त्या संस्थापक-सदस्य व पुढे अध्यक्ष. वीटभट्ट्यांवरील वेठबिगारांचा प्रश्नही त्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. १९९२ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला.

त्यांच्या वकिलीचे खरे मोल दोन प्रकरणांत दिसते. ईशनिंदेच्या आरोपावरून चौदा वर्षांच्या एका ख्रिस्ती मुलाला फाशीची शिक्षा झाली होती. मशिदीच्या भिंतीवर निंदाजनक मजकूर लिहिल्याचा आरोप होता. मुलाला लिहिता-वाचताच येत नव्हते. अस्मा यांनी त्याचे वकीलपत्र घेतले आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. जमावाने त्यांची मोटार फोडली. निकाल देणाऱ्यांपैकी न्या. आरिफ इक्बाल भट्टी यांची १९९७ मध्ये हत्या झाली.

दुसरे प्रकरण ६ एप्रिल १९९९ चे. घटस्फोट मागण्यासाठी आलेल्या पेशावरच्या एका तरुणीला हिना यांच्या कार्यालयातच गोळी घातली गेली. मारेकऱ्यासोबत तिची आईच आली होती. तेव्हाच्या किसास-दियत कायद्यानुसार मृताचे वारस खुन्याला माफी देऊ शकत. खून घरच्यांनीच करवला, तर माफी देणारेही घरचेच! या प्रकरणात कुटुंबीयांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. उलट धर्मगुरूंनी अस्मा व हिना यांच्याविरुद्ध फतवे काढले. माफीची ही पळवाट आवळणारी दुरुस्ती २०१६ मध्ये झाली.

संयुक्त राष्ट्रांसाठी त्यांनी बेकायदा हत्या (१९९८–२००४), धर्मस्वातंत्र्य (२००४–१०) आणि इराण (२०१६–१८) या विषयांच्या विशेष प्रतिवेदक म्हणून काम केले. राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये आणीबाणी लादली तेव्हा त्यांना नजरकैदेत ठेवले गेले. २०१० मध्ये त्या सर्वोच्च न्यायालय वकील संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मॅगसेसे पुरस्कार (१९९५), राइट लाइव्हलीहुड पुरस्कार (२०१४) आणि संयुक्त राष्ट्रांचा मानवाधिकार पुरस्कार (२०१८, मरणोत्तर) त्यांना लाभले.

‘भारताची हस्तक’ हा आरोप त्यांच्यावर सतत झाला. धर्मस्वातंत्र्याच्या प्रतिवेदक म्हणून मार्च २००८ मध्ये भारतात आल्या असता त्या मुंबईत शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. त्या भेटीचे छायाचित्र पाकिस्तानात त्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षे फिरवले गेले. पण ज्यांचे मत पटत नाही त्यांचेही ऐकायचे, आणि त्यांच्या हक्कासाठीही उभे राहायचे, ही त्यांची रीत मायदेशातही तीच होती. मुत्ताहिदा कौमी मूव्हमेंटवर त्यांनी कडक टीका केली होती. तरी २०१५ मध्ये त्या पक्षाचे नेते अल्ताफ हुसेन यांच्या भाषणांच्या प्रसारणावर बंदी आली, तेव्हा वकिलांच्याच निदर्शनांना न जुमानता त्यांनी लाहोर उच्च न्यायालयात हुसेन यांची बाजू मांडली.