मोटरहोममागे मोटार ओढून नेणे
राहण्याची सोय असलेल्या मोठ्या वाहनामागे छोटी मोटार जोडून नेण्याची पद्धत. ती अमेरिका व कॅनडात विशेष रूढ आहे. मुक्कामी मोटरहोम उभे करून आसपास फिरण्यासाठी ही मोटार वापरतात.

प्रकार : मोटार चारही चाकांवर ओढतात, पुढची दोन चाके डॉलीवर (दोन चाकी छोट्या गाड्यावर) चढवतात किंवा संपूर्ण मोटार ट्रेलरवर ठेवतात. चारही चाकांवर प्रत्येक मोटार ओढता येत नाही. अनेक स्वयंचलित गिअरपेट्यांत तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर वंगणाअभावी गिअरपेटी निकामी होते. जीप रँग्लरमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या चाकांकडे शक्ती वाटणारी पेटी) न्यूट्रलमध्ये टाकून हा धोका टाळता येतो. उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना निर्णायक मानावी.

सुरक्षितता : मोटरहोम, मोटार व त्यांतील सामान यांचे एकत्रित वजन ठरलेल्या कमाल मर्यादेत असावे. हिच (मोटरहोमच्या मागची जोडणी), टोबार (ओढण्याचा दांडा) व तो अडकवण्यासाठी मोटारीला बसवलेली बेसप्लेट यांपैकी सर्वांत कमी क्षमतेच्या भागावरून ओढण्याची मर्यादा ठरते. टोबार शक्यतो आडवा, समपातळीत ठेवतात. सुरक्षासाखळ्या टोबारखाली एकमेकींना छेदून लावतात. मागील मोटारीला स्वतंत्र पूरक ब्रेक हवा. जोड तुटल्यास आपोआप ब्रेक लावणारा स्विचही आवश्यक असतो. मागचे दिवे मोटरहोमच्या दिव्यांशी जोडतात. स्टीअरिंगचे कुलूप उघडे, हँडब्रेक सुटलेला आणि टायरांतील हवा योग्य असल्याची खात्री निघण्यापूर्वी करावी.

चारही चाकांवर ओढलेल्या मोटारीसह मागे जाऊ नये. तसे केल्यास मोटारीची पुढची चाके आडवी वळून टोबार वाकू शकतो. मागे जायचेच असल्यास मोटार आधी सोडवावी.