चतुःशालेपासून लाउंजपर्यंत

विरारच्या पूर्वेस चंदनसार म्हणून जी वस्ती आहे, तेथून जुने सोपारे फारसे लांब नाही. आज या दोहोंमध्ये इमारती, चाळी आणि लोहमार्ग यांची इतकी दाटी झाली आहे की, येथे एके काळी नामांकित बंदर होते व 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या ग्रीक वर्णनात त्याचे नाव आले आहे, हे सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानात येऊ नये. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली बुरुड राजाच्या कोटात खोदून तेथील बौद्ध स्तूप उजेडात आणला, ही हकीकत पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु सोपाऱ्याची दुसरी एक कीर्ती नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात कोरलेली आहे. आणि विमानतळावरील एका अगदी नव्या प्रथेचा विचार करताना आम्हांस तिची वारंवार आठवण होते.

क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याच्या दानांचा तो लेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपले सोपारे, या चार ठिकाणी उषवदाताने प्रवाशांकरिता चौसोपी विश्रांतिगृहे बांधली. दमण, तापी, दाहनुका इत्यादी नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या. आणि एवढ्यावर न थांबता त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर 'सभा' आणि 'प्रपा' उभारल्या. सभा म्हणजे बसावयाची जागा, प्रपा म्हणजे पाण्याची सोय. आपल्या पाणपोईतील 'पोई' ती हीच. नाव येईपर्यंत माणसाने उन्हात ताटकळू नये, सावलीत बसावे, घोटभर पाणी प्यावे, एवढाच त्यातील हेतू. दाहनुका ही डहाणूकडील नदी असल्यामुळे, ज्यास आज पालघर जिल्हा म्हणतात त्या मुलखात प्रवाशांच्या प्रतीक्षागृहाचा लेखी पुरावा जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. उषवदात काही निरिच्छ साधू नव्हता. आपली दाने आपणच दगडावर कोरून घेणारा तो राजपुरुष होता. तथापि नावेत कोणी बसावे व सभेत कोणी टेकावे यासंबंधी त्याने लेखात एकही अट घातलेली नाही.

अटी पुढे आल्या. धर्मशाळा बांधण्याची चाल आपल्याकडे थोर आहे. अहल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत केलेल्या धर्मकार्याचे स्मरण कोणास नाही? पण धर्मशाळेच्या दारात 'तू कोण?' हा प्रश्न शतकानुशतके विचारला जात होता आणि त्याचे उत्तर जातीवाचून दुसऱ्या कशानेही देता येत नव्हते, हे लपवून इतिहास लिहिता यावयाचा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशाने बांधलेल्या पाणवठे, विहिरी इत्यादी जागा अस्पृश्य मानलेल्या वर्गांस मोकळ्या असाव्यात, असा त्याचा आशय. त्या यादीत धर्मशाळेचे नाव स्पष्टपणे घातलेले आहे. ठराव झाला, तरी दारे उघडली नाहीत. म्हणून १९२७ च्या मार्च महिन्यात डॉ. आंबेडकरांस महाडच्या तळ्यावर जावे लागले. पाण्याचा ओंजळभर घोट आणि बसावयास हातभर जागा यांवर केवढा इतिहास घडू शकतो, हे महाराष्ट्रास निराळे सांगावयास नको.

आगगाडीने प्रश्न बदलला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे पहिली उपनगरी गाडी निघाली. त्या काळी लोकांत असा समज होता की, एका डब्यात शेजारी शेजारी बसून जातिभेद वितळेल. तो किती वितळला हा वाद बाजूस ठेवू. पण स्थानकावरील प्रतीक्षागृहाचा पहारेकरी जात न विचारता तिकीट पाहू लागला, ही गोष्ट खरी. वरच्या वर्गास वेताच्या खुर्च्या आणि पंखा, तिसऱ्या वर्गास फरशी. गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या हालांवर १९१७ साली स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तिसरा वर्ग म्हणून जो होता तो १९७४ साली नाहीसा झाला. वर्ग मात्र राहिले.

विमानाचा आरंभ याहून साधा होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्या संस्थेचे तेथील ठाणे म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी होती. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली गेले की सर्व कारभार पुण्यास हलवावा लागे. त्यानंतर सातच वर्षांनी, १९३९ साली, न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडमिरल्स क्लब' उघडला, आणि लाउंज या संस्थेचा जन्म झाला. आरंभी तेथे निमंत्रितांसच प्रवेश असे. वर्गणी भरून आत जाण्याची सोय पुढे झाली. १९५० साली डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, १९८० मध्ये आपल्या सेंट्रल बँकेने आपले कार्ड काढले. आणि कालांतराने हे दोन प्रवाह एकत्र होऊन, खिशात विशिष्ट कार्ड असेल त्यास विमानतळावर आसन आणि भोजन, असा आजचा संकेत रूढ झाला.

आम्हीही अलीकडे चंदनसारहून भल्या पहाटे निघून मुंबईच्या विमानतळावर या कार्डाच्या बळावर एका लाउंजात प्रवेश मिळविला. रांग लोकलच्या तिकिटाच्या रांगेस लाजवील अशी होती. दारातील यंत्रावर कार्ड फिरवताच दोन रुपये कापले गेले, आणि त्या दोन रुपयांत इडली, उपमा, फळे, कॉफी व मऊ खुर्ची एवढे सर्व पदरात पडले. खोटे कशास बोलावे, उपमा चांगला होता. आमच्या पुढे एक वृद्ध जोडपे होते. त्यांचे कार्ड यंत्राने नाकारले. दारावरील मुलीने अत्यंत सौजन्याने सांगितले, "काका, मागच्या तीन महिन्यांत कार्डावर ठरलेला खर्च झालेला नाही." काकांनी चष्मा काढून कार्ड उलटसुलट पाहिले. काकू म्हणाल्या, "चला हो, डबा आणलाय मी." दोघे बाहेरच्या बाकाकडे गेली. २०२४ पासून कित्येक बँकांनी असा नियम केला आहे, तो गर्दीमुळे. नियम अन्यायाचा आहे असे आमचे म्हणणे नाही. पण काटकसर हा ज्यांच्या घरी सद्गुण मानला गेला, त्यांस तीच या दारात अपात्रता ठरावी, याचे आम्हांस नवल वाटले.

मग हा उपमा घालतो कोण? दोन रुपये हे केवळ कार्ड जिवंत आहे की नाही हे पाहण्यापुरते. आत गेलेल्या प्रत्येक माणसामागे लाउंजवाल्यास खरे मोल बँक देते. बँक ते आणते कार्डाच्या वार्षिक शुल्कातून, थकलेल्या रकमेवरील जबर व्याजातून, आणि दुकानदाराकडून. क्रेडिट कार्डावर शंभराचा माल विकला की साधारण दीड-दोन रुपये दुकानदाराच्या पदरचे जातात, आणि तो सूज्ञ असल्यास ते मालाच्या किमतीत घालतो. म्हणजे रोख पैसे देऊन साखर नेणारी बाईही त्या खुर्चीच्या गादीत चिमूटभर कापूस भरीत असते. उषवदाताच्या वेळी दाता आपले नाव दगडावर कोरीत असे व घेणारास नाव विचारीत नसे. येथे घेणाराचे नाव, खर्च आणि तिमाही हिशेब यंत्रास ठाऊक, आणि देणाऱ्यांपैकी एकासही आपण दिल्याचा पत्ता नाही.

व्याजातून आतिथ्य चालविणे ही कल्पना काही आजच्या बँकांची नव्हे. त्याच दहाव्या लेण्यात उषवदाताचा आणखी एक लेख आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रादिकांसाठी त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून दिले: एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत मागावयाचे नाही, केवळ व्याज घ्यावयाचे. रक्कम कोणाकडे, व्याज किती, ते कोणासाठी, हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले गेले, फलकावर नोंदले गेले, आणि मग लेण्याच्या भिंतीवर, जाणाऱ्या-येणाऱ्या कोणासही वाचता यावे अशा अक्षरांत, कोरले गेले.