इंजिनाविना आकाश: वासरकुपेच्या उतारावरची शाळा

सिंहगडाच्या कड्यावर उभं राहिलं की एक दृश्य हमखास दिसतं. घार कड्याच्या कडेकडेने तरंगत असते. पंख हलवत नाही, तरी खाली येत नाही. माणूस हे कसं शिकला, ते आज आपण पाहणार आहोत. त्यासाठी आपल्याला जर्मनीत जायचं आहे, ऱ्योन डोंगररांगेतल्या वासरकुपे या ९५० मीटर उंचीच्या बोडक्या माथ्यावर.

सुरुवात अर्थात ओटो लिलिएनथालपासून. १८९१ पासून त्यांनी पंख बांधून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार उड्डाणं केली. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक धडा स्वतःच्या अंगावर घ्यायचा. १८९६ मध्ये असंच पडून ते गेले. पुढे इंजिन आलं आणि ग्लायडर मागे पडलं. १९११ मध्ये ऑरविल राइट इंजिनाविना पावणेदहा मिनिटं हवेत राहिले, तो विक्रम तब्बल दहा वर्षं टिकला.

मग पहिलं महायुद्ध झालं. व्हर्सायच्या तहाने जर्मनीचं लष्करी विमानदल बंद केलं. विमानं आणि इंजिनं बनवण्यावरही काही काळ बंदी आली. ग्लायडरवर मात्र बंदी नव्हती. १९२० मध्ये ओस्कार उर्सिनुस यांच्या पुढाकाराने वासरकुपेवर पहिली स्पर्धा भरली. आले कोण? मुख्यतः इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि युद्धातून परतलेले वैमानिक. दोन वर्षांत चित्र पालटलं. हॅनोवरच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ‘व्हॅम्पायर’मधून आर्थर मार्टेन्स १८ ऑगस्ट १९२२ रोजी एक तासाहून जास्त हवेत राहिले. त्याच महिन्यात हेंट्झेन यांनी तीन तास ओलांडले.

यामागची युक्ती घारीचीच. वारा उतारावर आपटला की त्याला वर चढावं लागतं. त्या चढत्या हवेत, डोंगराला धरून, आठच्या आकड्यात फिरत राहायचं.

आता शिकणाऱ्यांकडे येऊ. आज कुणी सुट्टीत आल्प्समध्ये ग्लायडर उडवायला निघाला, तर तो आधी सपाट मैदानावर शिकतो. तिथे विंच ग्लायडर वर खेचते आणि शिक्षक मागच्या सीटवर असतात. तेव्हा तसं नव्हतं. ग्लायडर एकाच माणसाचं: एक लाकडी सांगाडा, त्यावर उघडी बैठक. शिक्षक जमिनीवर, आणि मूल पहिल्याच दिवशी एकटं!

मग जीव जात नसे का? अपघात होतच. पण शिकवणं पायरीपायरीने चाले. पुढे रबरी दोराची दोन टोकं घेऊन मुलं उताराकडे पळत, शेपूट धरलेला सोडून देई, आणि ग्लायडर गलोलीतल्या दगडासारखं सुटे. आधी नुसतं गवतावर घसरायचं. मग हातभर उंच उडी. मग तीस सेकंद सरळ उडालात की ‘ए’ बिल्ला, त्यावर एक समुद्रपक्षी. ‘बी’साठी मिनिटभर, वळण घेऊन; दोन पक्षी. ‘सी’साठी सुटलेल्या जागेच्या वर पाच मिनिटं, तीन पक्षी. आणि प्रत्येक उडीनंतर ग्लायडर पुन्हा ओढत वर न्यायचं. एकाचं अर्ध्या मिनिटाचं उड्डाण म्हणजे बाकी दहा जणांचा घाम. एकट्याने उडायला शिकायचं, पण एकट्याने शिकता येत नाही, अशी ही शाळा होती.

इथूनच रॉबर्ट क्रोनफेल्ड पुढे आले. व्हिएन्नाचे, ज्यू. हवा चढते की उतरते हे सांगणारं व्हॅरिओमीटर त्यांनी १९२८ मध्ये सोबत नेलं. त्यामुळे डोंगर सोडून ढगाखालच्या चढत्या हवेवर जाता येऊ लागलं. १९२९ मध्ये त्यांनी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

पण १९३३ नंतर काय झालं, ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. नाझींनी ग्लायडिंग क्लब सरकारी संघटनेत ओढले. १९३५ मध्ये लुफ्टवाफ उघडपणे जाहीर झाली, आणि तिला तयार मुलं मिळाली ती याच उतारांवरून. दोर तोच, बिल्ले तेच, उद्देश फिरला. क्रोनफेल्डना देश सोडावा लागला. १९४८ मध्ये इंग्लंडमध्ये एका प्रायोगिक ग्लायडरच्या चाचणीत ते गेले.

मंडळी, बंदीने या मुलांना वारा वाचायला शिकवलं. पण ती विद्या कुणाच्या हाती जाईल, हे त्या शाळेत कुणी शिकवत नव्हतं. कोणतीही कला शिकवणाऱ्या आपण सगळ्यांनी हा प्रश्न घरी घेऊन जावा, असं आम्हाला वाटतं. इथे थांबू या.