चेहऱ्यावरची सही

कामगार चळवळीत माझे निम्मे आयुष्य गेले. पगारपत्रकावर अंगठा उठवणारे हात मी पुष्कळ पाहिले. सही म्हणजे काय चीज आहे हे मला पुस्तकाने शिकवावे लागले नाही. म्हणूनच न्यूझीलंडचा इतिहास वाचताना एका ठिकाणी मी थबकलो. १८४० साली वाइटांगी येथे इंग्रजांशी तह झाला, तेव्हा काही माओरी सरदारांनी सही म्हणून आपल्या तोंडावरील गोंदणाचाच एखादा भाग कागदावर काढून दिला!

या गोंदणाला 'मोको' म्हणतात. आपल्या आज्यांच्या कपाळावरचे सुईचे गोंदण निराळे. माओरी कारागीर हाडाची छिन्नी ठोकून कातडीत चर पाडी व त्यात काजळी भरी. लाकूड कोरावे तसे हे काम. त्यावरून कूळ आणि मान समजे. ते पेही कुपे हा सरदार १८२५ च्या सुमारास इंग्लंडात होता. त्याने तेथे आपला मोको आरशावाचून कागदावर उतरवला.

मग बाजार आला. मृत आप्तांची मस्तके आदराने जपून ठेवण्याची माओरींची रीत होती. युरोपियांनी त्यांना किंमत लावली, आणि मस्तकांच्या बदल्यात बंदुका येऊ लागल्या. शेजारच्या जमातीपाशी बंदूक असावी आणि आपल्यापाशी नसावी, म्हणजे मरणच! तेव्हा गुलामांच्या तोंडावर केवळ विक्रीसाठी गोंदण कोरले गेले. १८३१ साली न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर डार्लिंग याने या व्यापाराला बंदी केली. तरीही पुढे रोब्ली नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तिसाहून अधिक मस्तके जमवली. त्यांतली बहुतेक न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने विकत घेतली, ती मायदेशी परतली २०१४ साली. वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात अशी मस्तके प्रदर्शनात मांडत नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी गोल्डी या चित्रकाराने गोंदलेले वृद्ध माओरी रंगवले, ते एका मावळत्या जातीचे म्हणून. चित्रे सुरेख आहेत. भाकीत मात्र साफ खोटे ठरले. बायकांच्या हनुवटीवर मोको टिकून राहिला, आणि १९८० नंतर पुरुषांच्या तोंडावरही तो पुन्हा उमटू लागला. माओरी चित्रकार शेन कॉटन याने तर ती विकली गेलेली मस्तकेच आपल्या मोठाल्या चित्रांत आणली. माओरी नसलेल्यास हौस असेल, तर त्यासाठी 'किरितुही' हा वेगळा शब्द आहे: नक्षी घ्या, कूळ घेऊ नका. ननाया महुता यांनी पार्लमेंटात असताना, २०१६ साली, हनुवटीवर मोको कोरून घेतला. २०२० साली त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या.